डावं-उजवं

फोनवर ते म्हणाले, डावा स्पीकर मेला.
फोनवर सगळेच असं म्हणतात.
खरं मेलेलं फार थोडं निघतं या धंद्यात.
बहुतेक वेळा वायर सुटलेली,
नाहीतर कुणीतरी धूळ पुसताना
भलतंच बटण दाबलेलं.

ऑगस्ट. माँटेव्हिडिओतली ओली थंडी.
नदी इथे समुद्राएवढी, आणि तिचा दमटपणा
बिजागरीत, पावात, प्लगच्या पितळेत.
लिफ्ट बंद. तिसरा मजला.
सेन्योर इचेगोयेन यांच्या काखेत गरम पाण्याचा थर्मास,
हातात कडू हिरव्या काढ्याचा तुंबा.
आधी घे, म्हणाले,
आणि मला त्यांच्या उजवीकडच्या खुर्चीत बसवलं.

आधी घरघर.
रेकॉर्ड नसतानाही एक सपाट, लांब सूर.
फ्रिज आणि ॲम्प्लिफायर एकाच बोर्डावर.
फ्रिजचा प्लग काढला, सूर तुटला.
‘मला वाटायचं,’ ते म्हणाले, ‘हा घराचाच आवाज.’

मग खरखर. आवाजाची खुंटी फिरवली
की कुणी वाळक्या पानांतून चालतंय.
औषधाचे दोन थेंब, पन्नासदा इकडून तिकडे.
पानं संपली.

मग डावा.
वडिलांनी मला एवढंच शिकवलं,
बाकीचं पोळलेल्या बोटांनी:
माणसांत डावं-उजवं करू नये,
यंत्रात तेवढंच करावं.
डावीकडची तार उजवीकडे दे.
दोष तारेमागून गेला तर ॲम्प्लिफायरचा,
जागेवर राहिला तर स्पीकरचा.

तारा बदलल्या.
‘आता?’
‘डावाच.’
मग स्पीकरच उचलून बदलले,
एकेक बावीस किलो, माझी कंबर साक्षीला.
‘आता?’
‘डावाच.’
गुडघे टेकून मी डाव्याच्या जाळीला कान लावला.
बाई तिथे गात होती.
दोन ओळींच्या मधला तिचा श्वाससुद्धा
धडधाकट होता.

वडिलांनी इथपर्यंतच सांगितलं होतं.

‘खुर्ची फिरवा,’ मी म्हटलं.
‘पाठ करून बसू? गाण्याकडे?’
‘पाठ करून.’
ते गॅलरीकडे तोंड करून बसले,
समोरच्या गच्चीवर कुणाच्या तरी चादरी.
मी सुई पुन्हा पहिल्या रेघेवर ठेवली.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
‘आता तो बरा झाला,’ ते म्हणाले, ‘आणि दुसरा...’
पुढचा शब्द त्यांनी गिळला.

चौतीस वर्षं सेर्रोची बस.
ड्रायव्हरची सीट डावीकडे, डावी खिडकी उघडी,
थंडीतही, कारण काच वर चढत नसे
आणि डेपोत कुणी ऐकत नसे.
ट्रक, वारा, हॉर्न, शिव्या,
सगळं त्या एका कानानं घेतलेलं.
‘दोमितिला कायम माझ्या उजवीकडे बसायची,’ म्हणाले.
‘जेवताना. चर्चमध्ये. झोपतानासुद्धा.
मला वाटायचं, तिला खिडकी आवडते.’

ॲम्प्लिफायरच्या मागे मोनोचं बटण होतं.
दाबलं. आता दोन्ही स्पीकर तेच बोलणार.
पावतीवर लिहिलं: खुंटी साफ, घरघर बंद.
डावा स्पीकर: ठीक.
त्यांनी ती ओळ दोनदा वाचली.
‘तिची तक्रार असायची,
एका कानानं ऐकता, दुसऱ्यानं सोडून देता.
आता आलेलं जाईल कुठून?’
आणि हसले, आधी ते, मग मी,
त्यांच्यापेक्षा थोडं उशिरा.

खाली उतरल्यावर आठवलं: फ्रिज.
प्लग तसाच जमिनीवर.
पुन्हा तीन मजले. बेल दाबली. पुन्हा दाबली.
आत तीच बाई, आता चांगलीच मोठ्यानं.
मी हत्यारांची पेटी खाली ठेवली
आणि पायरीवर बसले,
रेकॉर्डची ती बाजू संपेपर्यंत.